धावफलक नसलेला सामना

गल्लीत क्रिकेट किंवा लगोरी रंगात आलेली असते आणि कुणाचं तरी धाकटं भावंड मागे लागतं, "मलाही घ्या ना!" त्याला घरी पाठवलं तर रडारड होते आणि पूर्ण खेळाडू म्हणून घेतलं तर संघ हरतो. मग मोठी मुलं तोडगा काढतात : "बरं, तू लिंबूटिंबू!" कुणी त्याला कच्चा लिंबू म्हणतं. लिंबूटिंबू सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, बॅटही हातात घेतो, पण तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ समजेपर्यंत त्याला दिलेली ही सवलत असते.

अमेरिकेत असा एक खेळ आहे, ज्यात मैदानावरचे सगळेच खेळाडू लिंबूटिंबू असतात. त्याचं नाव टी-बॉल. साधारण ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी ही बेसबॉलची पहिली पायरी. तिथल्या नगरपालिका, शाळा आणि क्लब यांच्याप्रमाणेच अनेक चर्चही टी-बॉलच्या लीग चालवतात. तुमचा मुलगा, पुतणी किंवा भाची तिकडे राहत असेल, तर व्हिडिओ कॉलवर डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट घातलेला एखादा नातू तुम्ही पाहिलाही असेल.

चर्चच्या अशा लीगची नियमावली वाचताना एक गंमत लक्षात येते. त्यातले बरेचसे नियम मुलांसाठी नसतातच. ते कोच, पंच आणि कठड्याबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या आईबाबांसाठी असतात. पाच वर्षांच्या मुलाचा खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा मोठ्यांमुळे, हे ओळखून ते लिहिलेले असतात. म्हणूनच बेसबॉल न पाहिलेल्या आपल्यासारख्या पालकांनाही ते कामाचे आहेत.

खेळ आहे तरी कसा?

बेसबॉलमध्ये गोलंदाजासारखा पिचर असतो. तो चेंडू वेगात फेकतो आणि फलंदाज गोल दांड्यासारख्या बॅटने तो मारतो. लहान मुलाला हे जमत नाही. फेकणाऱ्याचा नेम चुकतो, मारणाऱ्याची बॅट हवेत फिरते आणि बाकीची मुलं कंटाळून जातात. टी-बॉलने यावर सोपा उपाय काढला. पिचरचं कामच काढून टाकलं. फलंदाजासमोर एका बैठकीवर उभी रबरी नळी असते, तिला 'टी' म्हणतात. मुलाच्या उंचीप्रमाणे ती वर-खाली करता येते. तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. थांबलेला चेंडू कधी ना कधी लागतोच.

चेंडू लागला की धावायचं. क्रिकेटमध्ये आपण दोन टोकांमध्ये ये-जा करतो, इथे चौकोनाला फेरी मारायची असते. फलंदाज उभा असतो ती जागा म्हणजे 'होम'. तिथून पहिला, दुसरा आणि तिसरा बेस गाठत पुन्हा होमवर आलं की एक धाव. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये ९० फुटांचं अंतर असतं. टी-बॉलमध्ये ते सहसा ५० ते ६० फूट ठेवतात, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षाही थोडं कमी.

हा खेळ नेमका कुणी सुरू केला, यावर अमेरिकेत एकापेक्षा जास्त गावांचा दावा आहे. मिशिगन राज्यातल्या अल्बियन गावात जेरी सॅकार्स्की यांनी १९५६ मध्ये लहान मुलांना टीवरून खेळायला शिकवलं. जॉर्जियातल्या वॉर्नर रॉबिन्स गावात १९५८ मध्ये क्लॉड लुईस यांनी लीग सुरू केली. फ्लोरिडातल्या बॅगडॅड गावात डेटन हॉब्ज यांनी १९६० मध्ये हा खेळ सुरू केला आणि पुढे 'टी-बॉल' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. २००१ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मुलांचे टी-बॉल सामने भरवायला सुरुवात केली.

मैदानावरचे नियम

प्रत्येक लीगचे आकडे थोडे वेगळे असतात, पण गाभा सारखाच असतो.

सगळ्यांना फलंदाजी : संघात १२ मुलं असतील तर प्रत्येक डावात बाराही जण बॅट धरतात. शेवटच्या मुलाने चेंडू मारला की डाव बदलतो. 'याला शेवटी पाठवू, म्हणजे पाळीच येणार नाही' ही पळवाटच राहत नाही.

बाद झालं तरी डाव चालू : काही लीगमध्ये बाद मोजतच नाहीत. काही ठिकाणी बाद झालेलं मूल बेस सोडून बाकावर येतं, पण संघाचा डाव संपत नाही. पुढच्या डावात त्याला पुन्हा बॅट मिळतेच.

सगळे मैदानात : राखीव खेळाडू नसतो. क्षेत्ररक्षणाला पूर्ण संघ उतरतो आणि दर डावात जागा बदलतात. आज दूर कोपऱ्यात उभं राहिलेलं मूल पुढच्या डावात पहिल्या बेसवर येतं. कोचचा स्वतःचा मुलगा कायम मोक्याच्या जागी, असं चालत नाही.

कमान ओलांडलीच पाहिजे : होमपुढे साधारण १५ फुटांवर चुन्याने कमान आखतात. चेंडू तिच्या अलीकडेच थांबला तर तो धरत नाहीत, मूल पुन्हा मारतं. पुढे आलेल्या क्षेत्ररक्षकालाही त्या रेषेच्या आत उभं राहता येत नाही. एकाच नियमाने मारणाराही सांभाळला जातो आणि समोरचाही.

बॅट फेकायची नाही : चेंडू लागल्याच्या आनंदात लहान मूल बॅट मागे भिरकावून पळतं. या खेळातला हा मोठा धोका. म्हणून आधी ताकीद देतात आणि मूल तसंच करत राहिलं तर त्या खेपेला बाद ठरवतात. हातात बॅट फक्त पाळी असलेल्या मुलाच्याच. फलंदाजी करताना आणि धावताना हेल्मेट सक्तीचं. चेंडूही नेहमीच्या बेसबॉलपेक्षा मऊ असतो.

कोच मैदानातच : मोठ्यांच्या खेळात कोच बाहेर असतो. इथे तो मुलांमध्ये उभा असतो. कारण कुणी पहिल्याऐवजी तिसऱ्या बेसकडे धावत सुटतं, कुणी मातीत किल्ला बांधत बसतं, तर कुणी आजीला हात हलवण्यात गुंग असतं.

घड्याळ पक्कं : सामना साधारण एका तासात आटोपतो, मग डाव कितीही झालेले असोत. पाच वर्षांच्या मुलाचं लक्ष त्यापुढे टिकत नाही.

आणि धावा? बहुतेक लीगमध्ये त्या मोजतच नाहीत. धावफलक नाही, गुणतक्ता नाही, अंतिम सामना नाही. शेवटी दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांच्या हातावर टाळ्या देतात आणि खाऊच्या डब्याकडे पळतात.

मोठ्यांसाठीचे नियम

चर्चच्या नियमावलीचं वेगळेपण इथून सुरू होतं. टीची उंची आणि बेसचं अंतर सगळीकडेच ठरलेलं असतं. पण चर्चच्या लीगमध्ये कोणी कसं वागायचं, हेही लिहून ठेवलेलं असतं आणि नोंदणीच्या वेळी पालकांची त्यावर सही घेतात.

पंचाशी वाद घालायचा नाही. दुसऱ्या संघातल्या मुलाची खिल्ली उडवायची नाही. स्वतःच्या मुलाला बाहेरून ओरडून सूचना द्यायच्या नाहीत. कौतुक दोन्ही संघांचं करायचं. मैदानावर शिवीगाळ, तंबाखू आणि दारू चालणार नाही. नियम मोडणाऱ्या पालकाला आधी समजावतात आणि न ऐकल्यास मैदान सोडायला सांगतात. मूल मात्र खेळत राहतं. बापाच्या रागाची शिक्षा मुलाला नाही, हा त्यामागचा विचार.

कोच बहुतेक वेळा कुणाचे तरी आईबाबाच असतात. पगार नाही, फक्त टोपी आणि शिट्टी. तरी अनेक लीग त्यांची पार्श्वभूमी तपासूनच त्यांना मुलांजवळ येऊ देतात. कोणत्याही एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर एकांतात राहायचं नाही, दोन मोठी माणसं हवीतच, असाही नियम असतो. आपल्याकडे उन्हाळी शिबिरात मुलांचं नाव घालताना पालकांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

रविवार हा प्रार्थनेचा दिवस म्हणून त्या दिवशी अनेक चर्च सामने ठेवत नाहीत. ही परंपरा जुनी आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांनी रविवारी प्राथमिक फेरी असल्यामुळे १०० मीटरची शर्यत सोडली होती. पुढे ते ४०० मीटर धावले आणि सुवर्णपदक घेऊन परतले.

सामन्याआधी किंवा नंतर छोटीशी प्रार्थना होते. सरावाच्या मध्ये चार-पाच मिनिटं मुलांना गोल बसवून एखादी बायबलमधली गोष्ट सांगतात आणि धीर, दया, आत्मसंयम अशा एखाद्या गुणाशी ती जोडतात. बक्षीसही त्याच धर्तीवर. सगळ्यात लांब चेंडू मारणाऱ्याऐवजी, पडलेल्या मित्राला उठवणाऱ्या मुलीला शाबासकी मिळते.

चर्च आणि मैदानाचं जुनं नातं

चर्चने खेळाचे नियम लिहावेत, याचं आपल्याला नवल वाटेल. पण आज जगभर खेळले जाणारे दोन खेळ वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत जन्मले. धर्मशास्त्र शिकलेले जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे बास्केटबॉल तयार केला. त्यांचे मूळ नियम फक्त १३ होते आणि त्यांत धक्काबुक्कीला सक्त मनाई होती. हिवाळ्यात बंद सभागृहात तरुणांनी एकमेकांना जखमी न करता खेळावं, हा हेतू होता. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्या होल्योक गावात विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला.

हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. गिरणगावाजवळच्या या दाट वस्तीत सर्व धर्मांची माणसं राहत होती. नागपाडा पुढे बास्केटबॉलसाठी ओळखला जाऊ लागला. तिथल्या कोर्टवर घडलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ख्रिस्ती संस्थांनी आणलेला खेळ मुस्लिमबहुल वस्तीतल्या मुलांनी आपलासा केला.

आपलं मूल वेगळ्या धर्माचं असेल तर?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न खरोखर येतो. घराजवळचं चांगलं मैदान चर्चचं असतं, शाळेतले मित्र तिथेच खेळतात, आणि घरी देव्हाऱ्यात गणपती असतो. घालावं का नाव?

इथे गोड बोलून उपयोग नाही. चर्चची लीग हे धार्मिक संस्थेचं काम आहे आणि ती ते लपवत नाही. खेळाच्या निमित्ताने कुटुंबांची आपल्या श्रद्धेशी ओळख व्हावी, हा तिचा उघड हेतू असतो. नोंदणीच्या अर्जावर तो बहुधा लिहिलेलाही असतो. त्याच वेळी, बऱ्याच लीग कोणत्याही धर्माच्या मुलाला घेतात. तेव्हा आधी विचारून घ्यावं : प्रार्थनेच्या वेळी मूल नुसतं शांत उभं राहिलं तर चालेल ना? सरावातल्या गोष्टीच्या वेळी पालक जवळ बसू शकतात ना? आमचा फोन नंबर चर्चच्या इतर कार्यक्रमांच्या निमंत्रणासाठी वापरणार आहात का?

उत्तरं पटली तर घालावं, नाही पटली तर नगरपालिकेची लीग असतेच. दोन्हींत चूक काही नाही. मुलाशी मात्र घरी मोकळेपणाने बोलावं : "ते त्यांच्या पद्धतीने देवाचं नाव घेतात, आपण आपल्या पद्धतीने घेतो. त्या वेळी गप्प उभं राहणं म्हणजे त्यांचा मान राखणं." इतकं पाच वर्षांच्या मुलाला कळतं.

एक बारीक गोष्ट खाऊची. दर शनिवारी एकेका कुटुंबाकडे खाऊची पाळी असते. शाकाहारी घरांनी कोचला आधीच सांगून ठेवावं, कारण तिथल्या अनेक जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. आपली पाळी आली की केळी, संत्र्याच्या फोडी न्याव्यात. शेंगदाण्याचा लाडू मोहात पाडतो, पण तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, म्हणून तो टाळावा.

धावा मोजायच्याच नाहीत, हे योग्य आहे का?

यावर अमेरिकेतही वाद आहे. काही पालक म्हणतात, जगात हार-जीत आहेच, मग मुलांना खोट्या जगात का वाढवायचं? सगळ्यांनाच पदक दिलं तर पदकाची किंमत काय राहिली?

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मुलं मनातल्या मनात धावा मोजतातच. घरी जाताना गाडीत "आम्हीच जिंकलो" असं जाहीरही करतात. पण चर्चच्या नियमावलीने हार-जीत कायमची पुसलेली नसते, थोडी लांबवलेली असते. मूल सात-आठ वर्षांचं झालं की पुढच्या गटात कोच स्वतः चेंडू टाकतो, मग पिचर येतो, बाद मोजले जातात, धावफलकही लागतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की, संघाने खेळायच्या खेळांसाठी बहुतेक मुलं साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास तयार होतात. त्याआधी चेंडू, हात आणि पाय यांची दोस्ती जमवायची असते. लिंबूटिंबूही कायम लिंबूटिंबू राहत नाही. एके दिवशी तोच म्हणतो, "आता मला आऊट धरा." तो दिवस त्याने निवडावा.

इकडे आपण काय करतो? पाचव्या वर्षी क्रिकेट अकादमी, पांढरा गणवेश, महागडं किट आणि जाळीबाहेरून बाबांचा आवाज : "डावा कोपर वर! किती वेळा सांगितलं?" मूल चेंडूकडे कमी आणि बाबांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहतं. असं मूल काही वर्षांत बॅट कोपऱ्यात ठेवतं आणि मोबाइल उचलतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटं घाम येईल असा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण तेवढा वेळ मैदानात टिकायला मुलाला मैदान आवडावं लागतं.

सोसायटीत करून पाहा

टी-बॉलसाठी अमेरिकेला जायची किंवा कुठल्या धर्माची अट नाही. पुणे असो, इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरू, सोसायटीचं छोटं मैदान किंवा गच्चीएवढी मोकळी जागा पुरते.

रस्त्यावर ठेवतात तसा प्लास्टिकचा शंकू घ्या आणि त्याच्या टोकात मुलाच्या कमरेएवढ्या उंचीचा पीव्हीसी पाइप घट्ट बसवा. झाली टी. प्लास्टिकची हलकी बॅट, स्पंजचा चेंडू आणि बेस म्हणून चार जुनी पायपुसणी पुरेत. अंतर जागेप्रमाणे ठेवा. खडूने कमान काढा आणि तिच्या आत कुणी उभं राहणार नाही, हे पक्कं करा. होमच्या बाजूला एक वर्तुळ काढा. चेंडू मारल्यावर बॅट त्या वर्तुळात ठेवूनच धावायचं, म्हणजे ती कुणाच्या डोक्याला लागणार नाही. सायकलची हेल्मेट घरात असतील तर वापरा.

मग एका कागदावर नियम लिहून लिफ्टजवळ लावा : सगळ्यांना बॅटिंग. मुली-मुलगे एकत्र. दर डावात जागा बदलायची. एका तासात खेळ बंद. शेवटी सगळ्यांनी सगळ्यांना टाळी द्यायची. खाली आणखी चार ओळी मोठ्यांसाठी लिहा : ओरडायचं नाही. तुलना करायची नाही. मोबाइल खिशात ठेवायचा. आणि घरी परतताना "किती धावा केल्यास?" ऐवजी "मजा आली का?" एवढंच विचारायचं.

मुलांचे नियम ती दोन दिवसांत शिकतील. मोठ्यांच्या चार ओळी पाळायला कदाचित अख्खा उन्हाळा लागेल, तेव्हा त्या जरा मोठ्या अक्षरात लिहा.